बिऱ्हाड पाठीवर घेताना: निवृत्त जोडप्याने गाडीतल्या घरातून प्रवास कसा करावा

इंदूरहून महेश्वर सुमारे ९० किलोमीटरवर आहे आणि आजच्या रस्त्याने साधी मोटार तेथे दोन तासांत पोहोचते. गेल्या मार्गशीर्षात आम्हा दोघांना तेवढ्याच अंतरासाठी तीन दिवस लागले, आणि ते आम्ही ठरवून लावले होते. पहिली रात्र महूच्या पुढे ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या खळ्यावर काढली, दुसऱ्या दिवशी जाम दरवाजापाशी दुपार घालवून मंडलेश्वरला मुक्काम केला, आणि तिसऱ्या सकाळी महेश्वरला पोहोचून गाडीतच चहा केला. मी ३३ वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवले, यजमान वीज खात्यातून निवृत्त झाले, आणि सहा वर्षांपूर्वी रामबागेतल्या आमच्या घरासमोर ही कॅम्पर उभी राहिली. तेव्हापासून अनेक समवयस्कांनी विचारले की हे जमते कसे, खर्च कशावर करावा, परवाना कोणता लागतो, रात्री भीती वाटत नाही का. त्या सर्वांसाठी हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. अशा प्रवासात चालवण्यापेक्षा मुक्कामाचा विचार अधिक करावा लागतो, कारण आजचे महामार्ग थांबू इच्छिणाऱ्यासाठी बांधलेलेच नाहीत. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ या काळात महेश्वराहून राज्य केले आणि देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. वाटसरू थकतो, त्याला पाणी आणि सावली लागते, हे त्यामागचे साधे गृहीतक होते. आज सहापदरी रस्ता होतो तेव्हा कडेची चिंच आणि वड आधी तोडले जातात, आणि त्या जागी जे विश्रांतीस्थान येते तेथे वीस प्रकारचे तळलेले पदार्थ मिळतात, पण एखाद्या ट्रकचालकाला तासभर पडायला सावली मिळत नाही. हे मला मनापासून खटकते. म्हणून आपली सावली, आपले पाणी आणि आपले स्वच्छतागृह बरोबर नेणे, हा या गाडीचा खरा उपयोग आहे, आणि पुढची सगळी निवड त्याच हिशेबाने करावी.

गाडी निवडताना

विकत घेण्यापूर्वी अशी एखादी गाडी तीन-चार दिवसांसाठी भाड्याने घेऊन दोघांनी तीत राहून पाहावे. साठ चौरस फुटांत दोन माणसे, ओले टॉवेल, औषधे आणि कुकर एकत्र नांदतात की नाही, हे कागदावरच्या नकाशावरून कळत नाही. आम्ही भाड्याच्या गाडीत तीन रात्री काढल्या आणि त्यातून दोन निर्णय झाले: पलंग कायमचा हवा, रोज उघडमीट करण्याचा नको, आणि उभे राहून कपडे बदलता येतील एवढी उंची हवी. पासष्टीनंतर कंबर वाकवून केलेले प्रत्येक काम दुसऱ्या दिवशी आठवण करून देते.

मूळ गाडी म्हणून आम्ही फोर्स ट्रॅव्हलर घेतली. ती आमच्या घरापासून जेमतेम तासाभरावर असलेल्या पीथमपूरला तयार होते, हा योगायोग झाला. निवडीचे कारण निराळे होते. रुग्णवाहिका, शाळेची बस, प्रवासी वाहन अशा अनेक रूपांत ही गाडी देशभर धावते, त्यामुळे तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीलाही तिचे इंजिन ओळखीचे असते आणि ब्रेकचे लायनर किंवा पंख्याचा पट्टा दुकानात मिळतो. परदेशी बनावटीची देखणी गाडी बुऱ्हाणपूरच्या अलीकडे बंद पडली, तर तिचा मालक चार दिवस फोनवर बोलत बसतो.

याच कारणासाठी आतल्या सोयींमध्ये पडद्यावर बोट फिरवून चालणारे काहीही घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. हल्ली पाण्याचा पंप, दिवे, पंखे, टाकीतली पातळी हे सगळे एकाच पडद्यावर आणून देतात आणि त्याला प्रगती म्हणतात. तो पडदा बिघडला की पाणी असूनही पाणी मिळत नाही. आमच्या गाडीत प्रत्येक वस्तूला तिचे स्वतःचे खटक्याचे बटण आहे, प्रत्येक बटणाखाली मराठीत चिठ्ठी चिकटवलेली आहे, आणि पाण्याच्या टाकीला बाहेरून पातळी दिसेल अशी पारदर्शक नळी लावली आहे. पंप बंद पडला तर हाताने चालणारा छोटा पंप शेजारीच आहे.

कागदपत्रे आणि परवाना

या बाबतीत, मूळ गाडीचे आतून घर करून देणाऱ्या कारागिराच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल चालणार नाहीत, हे स्पष्ट केले. मात्र मोटार कॅरॅव्हॅन, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, हा स्वतंत्र मान्य प्रकार आहे आणि त्याच्यासाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. त्यामुळे काम सुरू होण्यापूर्वीच कारागिराला विचारावे की त्याची रचना या मानकाप्रमाणे मंजूर आहे का, आणि नोंदणीच्या पुस्तकात 'मोटार कॅरॅव्हॅन, खासगी वापर' अशी नोंद होणार का. त्याचे उत्तर लेखी घ्यावे आणि मगच पैसे द्यावेत. आम्ही ज्याला प्रथम काम दिले त्याने नोंदणीचे नंतर पाहू असे सांगितले, आम्ही विश्वास ठेवला, आणि त्या 'नंतर'मध्ये आमचे चार महिने आणि एक संपूर्ण हिवाळा गेला. विमा कंपनीलाही आतल्या फेरबदलाची माहिती लेखी द्यावी, कारण न कळवलेल्या बदलामुळे भरपाई नाकारली जाऊ शकते.

हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची गाडी चालवता येते, त्यामुळे वेगळा परवाना लागत नाही. वयाची ५५ वर्षे पूर्ण झाल्यानंतर मात्र परवाना दर पाच वर्षांनी नव्याने करावा लागतो आणि डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. हा दाखला केवळ सहीपुरता घेऊ नये. डोळे खरोखर तपासून घ्यावेत. परवाना दोघांकडेही हवा. केवळ पुरुषाने गाडी चालवायची आणि बाईने शेजारी बसून पोळी-भाजी द्यायची, ही विभागणी एकाला ताप आला की कोसळते. गॅसची टाकी बदलणे, फ्यूज पाहणे आणि चाकातली हवा मोजणे मला येते, आणि खिचडी, पिठले व कपडे धुणे यजमानांना येते.

वजन

सामान भरून, पाण्याची टाकी भरून आणि दोघे आत बसून गाडी एकदा धर्मकाट्यावर, म्हणजे ट्रक तोलण्याच्या काट्यावर, न्यावी आणि आलेला आकडा नोंदणीच्या पुस्तकातल्या कमाल वजनाशी ताडून पाहावा. इंदूरच्या बाहेर कोणत्याही गोदामाच्या रस्त्यावर असा काटा सापडतो. आमच्या गाडीचे वजन पहिल्यांदा मर्यादेच्या इतके जवळ आले की मी परत येऊन पितळी डबे, लोखंडी खलबत्ता आणि पुस्तकांची एक पेटी उतरवली. पुस्तके उतरवताना वाईट वाटले. आता प्रत्येक प्रवासात चारच नेतो.

टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा एक शिक्का असतो. २३२१ असे लिहिले असेल तर ते टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाले आहे, असा त्याचा अर्थ. निवृत्तांच्या गाड्या कमी धावतात, त्यामुळे टायर झिजत नाही, पण रबर वयाने कडक होते. पाच-सहा वर्षांनंतर नक्षी चांगली दिसली तरी ते बदलावे.

विजेचा हिशेब

येथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण बहुतेकांची फसगत याच ठिकाणी होते. विक्रेता सांगतो की घरातले सगळे गाडीत चालेल. आपण कागद-पेन्सिल घेऊन बसावे. १२.८ व्होल्ट आणि २०० अँपिअर-तास क्षमतेच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत सुमारे अडीच युनिट वीज मावते. छतावर ४०० वॉटचे सौर पॅनेल असेल, तर ऊन, धूळ आणि तारांमधली गळती धरून माळव्याच्या हिवाळ्यात दिवसाला साधारण १.३ युनिट मिळते, असा आमचा अनुभव आहे. आता खर्च पाहू. १२ व्होल्टवर चालणारा छोटा फ्रिज दिवसाला सुमारे अर्धे युनिट घेतो. २५ वॉटचे दोन पंखे दहा तास चालले तर आणखी अर्धे युनिट जाते. दिवे, फोन, पाण्याचा पंप आणि पाच मिनिटांचा मिक्सर मिळून पाव युनिटाच्या आतच राहतात. म्हणजे जमा-खर्च जेमतेम जुळतो. यात वातानुकूलन यंत्र आणले तर एका रात्रीत पाच-सहा युनिट लागतात, म्हणजे अशा दोन-तीन बॅटऱ्या रिकाम्या होतात. ज्याला उन्हाळ्यातही थंडगार गाडी हवी आहे त्याने रात्री सोळा अँपिअरचा प्लग मिळेल अशाच ठिकाणी थांबावे. आम्ही चैत्रापासून पहिला चांगला पाऊस होईपर्यंत गाडी बाहेर काढतच नाही. चाळीस अंशांच्या वर तापणाऱ्या माळव्यात पत्र्याच्या पेटीत झोपण्याचा हट्ट धरू नये, असे मला वाटते. ऋतू मोडून काढण्याची ही नवी सवय फार वीज खाते आणि माणसाला नाजूक करते.

तारांची जाडी स्वतः पाहावी. घरातल्या २३० व्होल्टवर १,००० वॉटचे उपकरण साडेचार अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते; तेच काम १२ व्होल्टच्या बॅटरीवरून इन्व्हर्टरने करायचे तर प्रवाह नव्वद अँपिअरच्या पुढे जातो, आणि तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हा नियम मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे, तरीही कारागिराने घरगुती जाडीची तार टाकली हे माझ्या लक्षात आले नाही. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात रबर जळल्याचा वास आला तेव्हा ते कळले. त्यानंतर यजमानांनी बॅटरी ते इन्व्हर्टर ही सगळी तार ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची टाकली आणि बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज बसवला. फ्यूज बॅटरीपाशीच हवा. दुसऱ्या टोकाला बसवलेला फ्यूज मधली तार वाचवू शकत नाही. दोन किलोचे पावडरचे अग्निशामक दाराजवळ असावे, पलंगाखाली नसावे.

स्वयंपाकासाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर पुरतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे छिद्र असलेच पाहिजे आणि वायूचा सूचक भोंगा छतापाशी न लावता पायांच्या उंचीवर लावावा. झोपताना रेग्युलेटर बंद करावा आणि एक खिडकी किंचित उघडी ठेवावी.

पाणी आणि स्वच्छता

आमची टाकी ८० लिटरची आहे आणि दोघांना दिवसाला ३० लिटर लागते, म्हणजे अडीच दिवस निघतात. बादली आणि तांब्याने आंघोळ केली तर सहा-सात लिटरमध्ये होते. फवाऱ्याखाली तेवढे पाणी पहिल्या मिनिटातच जाते. पिण्याचे पाणी वीस लिटरच्या वेगळ्या कॅनमध्ये आणि उकळून घेतो. प्रत्येक थांब्यावर प्लास्टिकची बाटली विकत घेऊन ती शेतात भिरकावणारी माणसे पाहिली की मला अजूनही संताप येतो. बुऱ्हाणपूरला कुंडी भंडाऱ्याची सतराव्या शतकातली भूमिगत पाण्याची वाट खाली उतरून पाहता येते. तिच्यातून आजही पाणी वाहते, आणि वर रस्त्याच्या कडेला बाटल्यांचा खच असतो.

फिरते शौचपात्र साधारण वीस लिटरचे असते आणि दोघांना दोन ते तीन दिवस पुरते. ते फक्त सांडपाण्याच्या वाहिनीला किंवा सेप्टिक टाकीला जोडलेल्या शौचालयातच रिकामे करावे. पेट्रोल पंपावर किंवा धर्मशाळेत आधी विचारून, नंतर जागा स्वच्छ धुऊन आणि शक्य असल्यास तेथील सफाई कामगाराला चहापाण्याचे पैसे देऊन. साबणाचे पाणीसुद्धा नर्मदेत किंवा ओढ्यात सोडू नये, त्याची वेगळी टाकी गाडीखाली असावी. इंदूरकरांना ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याची सवय आता अंगवळणी पडली आहे, ती शहराच्या हद्दीबाहेर सोडून देण्याचे कारण नाही. आमच्या गाडीत दोन डबे आहेत; सुका कचरा आम्ही कित्येकदा घरापर्यंत परत आणला आहे.

दिवसाचे अंतर आणि मुक्कामाची जागा

आमचा नियम असा आहे: २०० किलोमीटर किंवा दुपारचे तीन, यांपैकी जे आधी येईल तेथे थांबायचे. उजेडात पोहोचल्यामुळे जमीन दिसते, माणसे दिसतात, आणि जागा बरी नसेल तर दुसरी शोधायला वेळ उरतो. रात्री आम्ही गाडी चालवत नाही. वयानुसार डोळ्यातले भिंग धुरकट होते आणि समोरून येणारा प्रकाश आत विखुरतो, त्यात हल्ली जो तो आपल्या गाडीला आंधळे करणारे पांढरे दिवे लावून घेतो आणि ते खाली करण्याची सभ्यता पाळत नाही. रस्ता आपल्या एकट्याचा आहे असे मानणे हा या पिढीचा मोठा दोष आहे आणि त्याची किंमत सायकलवरून घरी जाणारा मजूर देतो.

घाटात ज्या गियरने चढलो असतो त्याच गियरने उतरावे. मानपूरनंतरचा गणेश घाट आणि पुढचा बिजासन घाट येथे जड वाहने ब्रेक तापून अनावर होतात, म्हणून पुढच्या ट्रकपासून भरपूर अंतर ठेवावे आणि पायाच्या ब्रेकवर अखंड भार देऊ नये. चढणाऱ्या वाहनाला वाट देणे हे उतरणाऱ्याचे कर्तव्य आहे. पॅनेलसकट गाडीची उंची मोजून ती चालकासमोर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी. रेल्वेखालचे भुयारी रस्ते आणि त्यांच्या आधीचे लोखंडी आडवे खांब उंच गाडीचा विचार करून बसवलेले नसतात.

आता मुक्काम. कॅरॅव्हॅनसाठी खास बनवलेले तळ अजून फार कमी आहेत. केरळने आणि महाराष्ट्राने २०२१ मध्ये त्यासाठी धोरणे जाहीर केली, पण प्रत्यक्ष रस्त्यावर आपल्यालाच जागा शोधावी लागते. मांडू, महेश्वर आणि ओंकारेश्वर येथे मध्य प्रदेश पर्यटन महामंडळाची निवासस्थाने आहेत. तेथे आधी फोन करून, जेवण तेथेच घेण्याचे कबूल करून, आवारात गाडी उभी करण्याची परवानगी मागावी. ओंकारेश्वरला शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचे भक्तनिवास आहे आणि तेथील शिस्त व स्वच्छता पाहून मन निवते. ज्या रात्री पाठ सरळ करायला खरी खोली हवी असते, त्या रात्री अशी जागा उत्तम. याखेरीज चोवीस तास चालणारे मोठे पेट्रोल पंप, गुरुद्वारा, गावातले मंदिर आणि शेतकऱ्याचे खळे, हे आमचे नेहमीचे पर्याय आहेत.

परवानगी नेहमी माणसाला भेटून मागावी आणि शक्यतो दोघांनी मिळून जावे. निमाडात नर्मदेच्या परिसरात 'नर्मदे हर' म्हणून सुरुवात केली की समोरचा माणूस तेच शब्द उच्चारून उत्तर देतो आणि निम्मे काम तेथेच होते. मी घरातल्या बाईशी बोलते, कुठून आलो, कुठे जाणार, किती वाजता निघणार हे न विचारता सांगते, आणि विहिरीचे पाणी घ्यायचे असेल तर ते वेगळे विचारते. गाडी अशी उभी करावी की निघताना मागे घ्यावी लागू नये. जमीन समतल आहे का हे ताटलीत थोडे पाणी ओतून पाहावे आणि डोके चढाच्या बाजूला ठेवावे. वर वाळलेली फांदी नसावी, ओढ्याच्या पात्रात कितीही कोरडे दिसले तरी थांबू नये, आणि काही खटकले तर कारण सापडण्याची वाट न पाहता निघून जावे.

लग्नसराईत आणखी एक गोष्ट पाहावी. तुळशीचे लग्न झाले की गावोगावच्या मॅरेज गार्डनांत रोज रात्री डीजे लागतो, म्हणून जागा ठरवण्यापूर्वी अर्ध्या किलोमीटरच्या परिसरात असे उद्यान आहे का हे विचारून घ्यावे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ध्वनिक्षेपकाला मनाई केली आहे आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. प्रत्यक्षात गाडीची काच थरथरते. ज्या लग्नात सनईचे चार सूर आणि माणसांचे बोलणे ऐकू येत असे, त्या लग्नात आता वधूपित्यालाही व्याह्यांशी बोलण्यासाठी बाहेर रस्त्यावर यावे लागते. आवाज म्हणजे आनंद, ही समजूत कोठून आली ते मला खरोखर उमगत नाही. ढाब्यावरही हेच: शेजारच्या टेबलावरचा तरुण कानात काही न घालता फोनवरचे तुकडे मोठ्याने पाहतो. आम्ही आता जेवण गाडीतच करतो, आणि ढाब्यावर फक्त चहा व ताजी भाजी घेतो.

महेश्वरच्या घाटावर जायचे असेल तर सूर्योदयापूर्वी जावे. आठनंतर विवाहपूर्व छायाचित्रांसाठी आलेली जोडपी, त्यांचे दिवे आणि घोंघावणारे ड्रोन पायऱ्या अडवतात, आणि स्नानाला आलेल्या म्हाताऱ्या बाईला बाजूला व्हायला सांगितले जाते. तो घाट तिच्यासाठी बांधला होता.

फोन, पैसे, औषधे

फोनवरून पैसे देणे सोयीचे आहे हे मी मान्य करते, परंतु फक्त त्याच्यावर अवलंबून राहू नये. घाटात संपर्क तुटतो, बँकेचा संकेतांक वेळेवर येत नाही, आणि फोन पडून फुटला की जवळ पैसे असूनही उपाशी राहायची वेळ येते. दहा, वीस, पन्नासच्या नोटा वेगळ्या डब्यात ठेवाव्यात. खाद्यपदार्थांची यादी कागदावर न देता क्यूआर कोडच्या चौकटीवर फोन धरायला सांगणाऱ्या हॉटेलात 'काय आहे ते तोंडी सांगा' असे निःसंकोच म्हणावे. सांगणारा मुलगा बहुतेक वेळा आनंदाने सांगतो. रस्त्यांचा छापील नकाशा आणि महत्त्वाच्या क्रमांकांची वही बाळगावी. राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३ आणि कोणत्याही संकटासाठी ११२ हे क्रमांक दोघांना पाठ हवेत.

निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि नेमका तोच महिना प्रवासाला उत्तम असतो. जीवन प्रमाण या सरकारी व्यवस्थेतून आता फोनच्या कॅमेऱ्यावर चेहरा दाखवूनही तो देता येतो. त्याचा सराव निघण्यापूर्वी घरी करून घ्यावा. यंत्रावर बोट टेकवूनही न उमटणारे ठसे आणि बँकेतल्या रांगा आम्ही सोसल्या आहेत, त्यामुळे या एका नव्या सोयीबद्दल माझी तक्रार नाही.

औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा पंधरा दिवस जास्त घ्यावीत आणि प्रत्येकाचे मूळ रासायनिक नाव, मात्रा, रक्तगट आणि डॉक्टरांचा क्रमांक लिहिलेला कागद चालकाच्या डोक्यावरच्या झडपेत ठेवावा. इन्सुलिन वापरणाऱ्यांनी न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत राहतील याची खात्री फ्रिजमध्ये तापमापक ठेवून करावी. छोट्या फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकलेली कुपी गोठू शकते आणि गोठलेले इन्सुलिन वापरण्याजोगे राहत नाही. वयाची ७० वर्षे पूर्ण केलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, ते कार्ड काढून बरोबर ठेवावे.

मुलांची काळजी समजून घ्यावी, पण तिच्या ताब्यात जाऊ नये. पुण्याच्या आमच्या मुलाला नकाशावर आमचा ठिपका सतत दिसावा असे वाटत होते. आम्ही त्याऐवजी रोज संध्याकाळी सात वाजता एक निरोप पाठवतो: गावाचे नाव, थांबलेल्या जागेचे वर्णन आणि दोघांची प्रकृती. सकाळी नऊपर्यंत दुसरा निरोप आला नाही तर त्याने फोन करावा, असे ठरले आहे. सहा वर्षे हे नीट चालले आहे.

परतल्यावर

घरी आल्यावर आळस न करता त्याच दिवशी पाण्याच्या दोन्ही टाक्या रिकाम्या कराव्यात, फ्रिज पुसून त्याचे दार किंचित उघडे ठेवावे आणि सिलिंडर बाहेर काढावा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर लिथियम बॅटरी पूर्ण भरून ठेवू नये. निम्मी किंवा त्याहून थोडी अधिक भरलेली असताना तिचा मुख्य खटका बंद करावा. टायरमध्ये हवा पुरेशी असावी आणि चाके एकाच जागी दबून बसू नयेत म्हणून पंधरा दिवसांतून एकदा गाडी वीसेक किलोमीटर फिरवावी. आम्ही ती रविवारी पहाटे देवगुराडियापर्यंत नेतो, महादेवाचे दर्शन घेतो, आणि पोह्यांच्या वेळेला घरी परततो.